शून्य आणि नऊच्या मध्ये

दुलीचंदची ललिता नागपुरात मशीनला शिकवते, असं मुरूमटोल्याच्या खाणीवर सगळे सांगत. काय शिकवते ते मात्र कुणालाच नीट सांगता येत नसे, खुद्द दुलीचंदलाही नाही. बालाघाटकडच्या भरवेलीच्या मोठ्या मँगनीज खाणीपुढे मुरूमटोल्याची खाण म्हणजे अगदीच लहान. सहाशे बारा माणसं, आत उतरायला एक पिंजरा, एक दवाखाना आणि कामगारांच्या कौलारू घरांच्या चार रांगा. त्या चार रांगांतून एम. एस्सी. झालेली ललिता एकटीच. गणितात पहिला वर्ग मिळवून ती नागपूरच्या गणकयंत्र केंद्रात लागली, आणि गेल्या वर्षी तिच्याच गावचं काम फिरत फिरत तिच्या टेबलावर आलं.

ते असं झालं. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की काही माणसांचे हात कापायला लागतात, चालणं आखडतं, चेहरा लाकडासारखा होतो. दवाखान्याचे डॉक्टर टेंभरे दोन वर्षं हे व्यवस्थापनाला सांगत होते. त्यांनी स्वतःच्या नजरेनं दोनचार माणसं वरच्या कामावर घेतली, तर तक्रारी सुरू झाल्या. डॉक्टर आपल्या जातवाल्यांना सोपं काम देतो, असंही कुणी म्हणालं. शेवटी ठरलं की सगळ्यांची तपासणी करायची, वर्षात तीनदा, आणि निकाल नागपूरच्या मशीननं द्यायचा. मशीनला ना जात ना दुश्मनी. मशीन म्हणेल ते सहा महिने सगळ्यांनी मानायचं.

तपासणीत दहा गोष्टी होत्या. उलट्या पावलांनी चालणं, नाव लिहिणं, बोटं आपटणं असल्या. जितका त्रास जास्त तितके अंक जास्त. तिन्ही वेळच्या अंकांची सरासरी नऊच्या खाली आली तर माणूस फिट. नऊपासून सोळाच्या आत असेल तर पुन्हा तपासणी, आणि तोवर खाली उतरायचं नाही. सोळा किंवा त्यावर गेली तर थेट इस्पितळ. प्रत्येकाचे अंक एका कार्डावर भोकं पाडून, म्हणजे पंचिंग करून, मशीनला दिले जात. जो माणूस तपासणीला आलाच नाही त्याच्या कार्डावर उणे एक पाडायचं, म्हणजे मशीन त्याला वेगळं काढेल. केंद्राचे खानझोडे साहेब म्हणाले, "तुमच्याकडचंच आहे, तुम्हीच करा," आणि ललितानं प्रोग्राम लिहिला. मार्चअखेर छापील पट्ट्यांचा गठ्ठा मुरूमटोल्याला रवाना झाला.

एप्रिलमध्ये ती जयंतीसाठी घरी आली. १९७४ साली चौदा तारीख रविवारी होती, ती शनिवारी दुपारीच पोचली. आई ओटा सारवत होती. बाबा खाटेवर बसलेले, डाव्या कोपराला जाड पट्टी.

"हे काय झालं, बाबा?"

"काई नाई. हिरीवर घसरलो."

रुख्माबाईनं मान वर केली. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तिनं पुन्हा हात शेणात घातला.

ललितानं पाय धुतले नाहीत तोच शेजारचे भैयालाल काकाजी आले. दुलीचंद आणि भैयालाल वीस वर्षं एका ड्रिलवर काम केलेले. ललिताला लहानपणी खांद्यावर बसवून बालाघाटच्या बाजारात नेणारा हा माणूस आता दारातून आत आला तो लहान लहान पावलं टाकत, टाचा न टेकवता, चवड्यांवर. दिवाळीत तो असा चालत नव्हता.

"जय भीम, बाई." आवाज घोंगडीखालून यावा तसा. त्यानं सदऱ्याच्या खिशातून एक पट्टी काढली. मशीनच्या लांब कागदातून कापलेली, वर त्याचं नाव, नंबर आणि इंग्रजी अक्षरांत 'फिट'. "तुह्या मशीननं मले पास केलं पाह्य. आता सोमवारपासून खाली. बत्तीघर सुटलं एकदाचं."

डॉक्टरांनी जानेवारीत त्याला बत्तीघरात, म्हणजे कामगारांच्या टोपीचे दिवे सांभाळायच्या खोलीत, बसवलं होतं. तिथं बदली माणूस मिळेपर्यंत त्याला थांबायला लागलं होतं. तो खूश होता, पण चेहऱ्यावर हसू उमटत नव्हतं. हातातल्या पट्टीचा मात्र सारखा आवाज येत होता, फडफड फडफड, वारा नसताना.

"डॉक्टर काय म्हनले, काकाजी?"

"थे काय म्हनतीन? थे तं म्हनत होते का तू वरच राह्य. पन मशीनपुढं त्याईचं काय चालते? तूच शिकवलेलं मशीन, बाई. थे खोटं काहून बोलन?"

ललितानं पट्टी परत दिली. तिचं जेवणात लक्ष लागलं नाही. पहिल्या तपासणीत अंक कमी असतील, तिसऱ्यात वाढले असतील, सरासरी आठ आली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण आठ अंकांचा माणूस असा चालतो? मग आपण नऊची हद्दच चुकीची धरली का? पण हद्द तर डॉक्टरांनी ठरवलेली. ती उठली, बसली, आईच्या हातातला पोतेरा घेतला, अर्धा ओटा सारवून तो परत दिला.

"नागपूरहून हेच शिकून आली काय?" रुख्माबाई म्हणाली. "एका जागी बस न बाप्पा."

रविवारी सकाळी सभागृहापुढे निळ्या पताका बांधायचं काम चाललं होतं. शिडीवर बाबूलाल होता. ट्रक भरायच्या टोळीतला, तोंडाला कुलूप नसलेला माणूस. खाली पोरीबाळी, बाया, म्हातारे. पट्ट्यांचाच विषय निघाला होता, कारण आठवडाभर दुसरा विषयच नव्हता.

"अरे, मी तं डॉक्टरचा हात बी लागू देल्ला नाई," बाबूलाल वरून ओरडला. "तिन्ही बार परसवाड्याले, सासऱ्याच्या घरी. कोंबडा खाऊन आलो. तरी बी फिट! हे मशीन नागपुरातूनच पाह्यते मले."

सगळे हसले. ललिताच्या हातात पताकांचा गुंडाळा होता. तो तिनं तसाच शेजारच्या बाईच्या हातात दिला.

"बाबूलालभाऊ, तुमी एकबी बार गेले नाई?"

"एकबी बार नाई. काहून? आता धरून नेतं काय मले?"

"पट्टी हाय तुमच्यापाशी?"

त्यानं शिडीवरूनच कनवटीची पट्टी काढून खाली टाकली. नाव, नंबर, फिट.

न आलेल्या माणसाच्या कार्डावर उणे एक. उणे एक फिट होऊच शकत नव्हतं. तिनं स्वतः तशी अट घातली होती.

ती सभागृहाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. कार्यक्रमाच्या छापील पत्रकाची मागची बाजू कोरी होती. कुणाची तरी पेन्सिल घेऊन तिनं आपल्या प्रोग्राममधली ती ओळ आठवून लिहिली.

० ≤ अंक < ९

ओळ बरोबर होती. आठवीतल्या पोरालाही कळेल: अंक शून्याहून कमी नको आणि नऊच्या खाली हवा. फेब्रुवारीत तिनं हाच प्रोग्राम आधी फोरट्रानमध्ये लिहिला होता. त्या भाषेत अशी एका दमात ओळ लिहिली तर मशीन चूक दाखवून कार्डं परत करतं. तिथं दोन तुलना वेगळ्या लिहून मध्ये 'आणि' घालावा लागतो. मग केंद्रात पीएल-वन नावाची नवी भाषा आली आणि खानझोडे साहेबांनी सगळं काम तिच्यात न्यायला सांगितलं. ललितानं एका दुपारी प्रोग्राम बदलला. वहीत गणित लिहावं तशी ही ओळ लिहिली, आणि मशीननं काही कुरकुर न करता ती घेतली. किती मोकळी भाषा आहे, असं तेव्हा तिला वाटलं होतं. चाचणीसाठी पहिली दहा कार्डं घालून पाहिली, दहाही निकाल हाताच्या हिशेबाशी जुळले. जुळणारच होते. पहिली दहा कार्डं ऑफिसातल्या चपराशांची आणि चौकीदारांची होती, खाली कधी न उतरलेल्या माणसांची.

तिनं पेन्सिल ओळीच्या डाव्या टोकाला ठेवली आणि मशीन वाचेल तसं वाचायला लागली. डावीकडून उजवीकडे, एका वेळी दोनच. शून्य आणि अंक. बाबूलालचा अंक उणे एक. शून्य हा उणे एकपेक्षा लहान किंवा तेवढाच आहे का? नाही. 'नाही'साठी मशीन शून्य धरतं. आता ओळीत काय उरलं? तो शून्य, आणि नऊ. शून्य नऊपेक्षा लहान आहे का? आहे. फिट.

पेन्सिल पुन्हा डावीकडे. भैयालाल काकाजी. समजा चौदा. शून्य चौदापेक्षा लहान आहे का? आहे. 'आहे'साठी मशीन एक धरतं. एक नऊपेक्षा लहान आहे का? आहे. फिट.

तिनं चाळीस घालून पाहिले. हजार घालून पाहिले. एक किंवा शून्य, दोन्ही नऊच्या खालीच. माणसाचा अंक दुसऱ्या चिन्हापर्यंत पोचतच नव्हता. सहाशे बारा माणसं, आणि मशीननं त्यांच्यातल्या एकाचीही नऊशी तुलना केली नव्हती.

सभागृहात लाउडस्पीकर तपासत होते. "हॅलो, हॅलो." ललिता पत्रक घेऊन उठली. ती दवाखान्याकडे निघाली, अर्ध्या वाटेवर चक्क धावायला लागली.

डॉक्टर टेंभरे दवाखान्यामागच्या घरात राहत. दार उघडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आधी पाणी दिलं.

"डॉक्टरसाहेब, याद्या चुकल्या. सगळ्या. माह्यामुळं."

"बसा. सांगा."

तिनं पत्रक पुढे धरलं. डॉक्टरांनी ओळ वाचली. "यात काय चूक आहे? शून्य ते नऊ. मीच सांगितलं होतं."

ललितानं इकडे तिकडे पाहिलं. टेबलावर थर्मामीटर होता. "समजा, तुमी कंपाउंडरले म्हनलं, ताप अठ्ठ्याण्णव अन् शंभरच्या मधात असन तं पेशंटले घरी पाठव. थो पहिले पाह्यते, अठ्ठ्याण्णवच्या वर हाय काय? हाय. म्हनून कागदावर 'एक' लिहते. मंग थर्मामीटर ठेवून देते, अन् त्या एकालेच पाह्यते. एक शंभरच्या खाली हाय काय? हाय. पाठवा घरी."

"अन् ताप एकशे पाच असला तर?"

"तरी घरी."

"अन् थर्मामीटर लावलाच नाही तर?"

"तरी घरी, डॉक्टरसाहेब. म्हनून तं बाबूलालभाऊ फिट निंगाला."

डॉक्टरांनी पत्रक पुन्हा एकदा वाचलं. ते चिडतील असं तिला वाटलं होतं. "मी खाणीच्या साहेबांना म्हणालो होतो, ही यादी मला पटत नाही," ते शेवटी म्हणाले. "तर म्हणाले, डॉक्टर, मशीन को क्या दुश्मनी है? आठ दिवस झाले, मी माझ्याच डोळ्यांवर शंका घेऊन राहिलो आहे. काल एकाला तपासलं, हात थरथरत होता, आणि मला वाटलं, मलाच तसं दिसतंय."

तपासणीच्या कागदांच्या कार्बन प्रती कपाटात होत्या. दोघं जमिनीवर बसली. डॉक्टर नाव वाचत आणि तीन आकडे सांगत, ललिता बेरीज करून तीननं भागी. बाहेर मिरवणुकीचे ढोल सुरू झाले, जवळ आले, दूर गेले. भैयालाल, चौदा. पुढचा कागद डॉक्टरांनी उचलला आणि वाचायला जरा थांबले.

"नऊ, बारा, पंधरा."

"बारा," ललिता म्हणाली. "नाव?"

त्यांनी कागद तिच्या हातात दिला. दुलीचंद. तिसऱ्या तपासणीत, उलट्या पावलांनी चालणं या रकान्यात, डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं: चौथ्या पावलाला पडला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाई."

"त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं. पोरगी नवीन नोकरीत आहे, घोर करेल. गुरुवारी खाणीतल्या शिडीवरून पडले तेव्हा पट्टी मीच बांधली."

ललितानं कागद ढिगावर ठेवला आणि म्हणाली, "पुढचं नाव सांगा." दुपार टळली तेव्हा यादी तयार होती. पुन्हा तपासणीचे एकेचाळीस, इस्पितळाचे नऊ, आणि न आलेले अठरा.

घरी आली तर दुलीचंद नवा सदरा घालून आरशापुढे उभा होता. बटण लावायला त्याला वेळ लागत होता.

"तुमी हिरीवर घसरले नाई, बाबा. शिडीवरून पडले."

"मी सांगत होती," रुख्माबाई चुलीपाशी एकदम बोलली. "आल्याबरोबर सांगत होती मी. यायनं डोळे वटारले."

दुलीचंदनं बटण सोडून दिलं. "मशीननं फिट म्हनलं न. मले वाटलं का डॉक्टरलेच भरम झाला. पाय घसरते कोनाचा बी."

ललितानं सगळं सांगितलं. मशीनचं, ओळीचं, यादीचं. तो ऐकत होता की नाही कळेना. त्याच्या चेहऱ्यावरून आता काही कळत नसे, आणि हे तिच्या आत्ता लक्षात आलं. सकाळपासून, कालपासून, कदाचित दिवाळीपासून त्या चेहऱ्यावर काही हललं नव्हतं.

"मी उद्या सकाळी पिंजऱ्यापाशी जाऊन सांगनार हावो," ती म्हणाली.

"तू नाई." तो पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "डॉक्टरले सांगू दे. पंचिंगची गलती झाली म्हना, पोस्टात गडबड झाली म्हना. चार लाईनीत एक पोरगी शिकली, तिचं नाव मी असं नाई जाऊ देनार."

"मंग मी तुमाले उद्या खाली जाऊ देऊ?"

तो सदऱ्याचं बटण तसंच उघडं ठेवून बाहेर पडला. सभागृहातल्या कार्यक्रमाला गेला, आणि रात्री उशिरा परत आला.

सोमवारी सकाळी सहाला भोंगा झाला. पिंजऱ्याच्या फाटकापाशी पहिल्या पाळीची माणसं टोप्या घालून उभी होती. डॉक्टर आधीच येऊन पाळीच्या बाबूशी वाद घालत होते. बाबू मूळचा सागरकडचा, वाईट माणूस नव्हे, पण कागदाला घाबरणारा.

"साहब जबलपुर गए हैं, परसों आएंगे," तो म्हणत होता. "मशीन की लिस्ट पर उनके दस्तखत हैं. आपकी लिस्ट पर किसके हैं, डॉक्टर साहब? आपके. इसी बात का तो झगड़ा था."

ललिता पुढे झाली. "बाबूजी, मशीन को मैंने सिखाया था. मैंने गलत सिखाया. उस लिस्ट में किसी का नंबर देखा ही नहीं गया. सब को फिट लिख दिया."

"किसी का?"

"किसी का भी नहीं."

मागे कुजबुज झाली. कुणीतरी खिशातली पट्टी काढून पाहिली, मग दुसऱ्यानं. एक जण मोठ्यानं म्हणाला, "मंग आठ दिवस काय तमाशा चाललता?" तिनं वळून पाहिलं नाही.

गर्दीतून भैयालाल बाहेर आला. टोपी घातलेली, दिवा लावलेला, तीन महिन्यांनी पहिल्यांदा. "मंग मी काय हावो, बाई?"

"काकाजी, तुमचे चौदा आले. पुन्हा तपासनी करू."

"काल पास, आज नापास?" घोंगडीखालचा तो आवाज फुटला. "मशीन चुकलं म्हनतं, मंग आता तू बरोबर कशावरून? मी वीस वर्सं खाली काढले. पाह्य. सारे पाह्या."

त्यानं फाटकाकडे पाठ केली आणि उलट्या पावलांनी चालायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. ललिता "काकाजी, नका" म्हणाली, पण ते तिचं तिलाच ऐकू आलं. एक पाऊल. दोन. तिसरं पाऊल अर्ध्यात अडकलं आणि तो लाकूड पडावं तसा ताठच्या ताठ मागे कलला. दुलीचंदनं धावून त्याला काखेतून धरलं. धरलं, पण त्याचेही पाय मागे रेटले गेले, ते सावरले नाहीत, आणि दोघं मित्र एकमेकांवर धुळीत बसले.

दोघांना उठवायला सातआठ जण धावले. बाबूनं डॉक्टरांच्या हातातली यादी घेतली, वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि फाटकाला हात लावून म्हणाला, "जिन जिन का नाम पढ़ूं, वो आज ऊपर रहेंगे. साहब आएंगे तो मैं बोल दूंगा."

नाव पुकारल्यावर भैयालालनं टोपीचा दिवा काढून बत्तीघराच्या खिडकीत ठेवला. जाताना त्यानं ललिताकडे पाहिलं नाही. दुलीचंदनंही नाही.

नागपूरला ती मंगळवारी दुपारी पोचली, आणि आधी केंद्रातच गेली. खानझोडे साहेबांनी ओळ पाहिली आणि डोक्याला हात लावला. ते मूळचे फोरट्रानवाले. त्यांना समजायला अर्धं मिनिट लागलं.

"हे पत्रात असं लिहायचं नाही," ते म्हणाले. "कार्डं पाडताना चूक झाली, असं लिहू. पंचिंगच्या मुली चुकतातच, कुणाला काही वाटणार नाही."

"कार्डं बरोबर होती, सर."

"मला कळतं ते. पण पत्र वरपर्यंत जाईल. तुमचं नाव येईल. नवीन भाषेवर विश्वास राहणार नाही, ते वेगळंच."

"भाषेनं मी लिहिलं तेच केलं, सर. मला काय म्हणायचं होतं ते तिला माहीत नव्हतं." तिनं कोरा कागद पुढे ओढला. "मुलींचं नाव घालू नका. त्यांच्यातल्या एकीला माझ्यामुळं काढलं तर मी काय करू?"

पत्र तिनंच लिहिलं, चूक कुठं झाली, कशी झाली, कुणाकडून झाली, सगळं. प्रोग्राममध्ये एका ओळीऐवजी दोन तुलना आल्या, मध्ये 'आणि'. या वेळी तिनं चाचणीची कार्डं स्वतः बनवली: उणे एक, शून्य, आठ, नऊ, पंधरा, सोळा, आणि एक शंभराचं, जे कुणाचंच असणं शक्य नव्हतं. मशीनवर तेव्हा परीक्षांच्या निकालांचं काम चाललं होतं, वेळ मिळायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस ती रोज सकाळी यंत्राच्या खोलीबाहेर जाऊन उभी राही आणि दाराला हात लावून परत येई. निकाल छापून आला: पाचशे चव्वेचाळीस फिट, एकेचाळीस, नऊ, अठरा. हाताच्या यादीशी एका नावाचाही फरक नव्हता. गठ्ठा पोस्टानं न पाठवता ती स्वतः घेऊन गेली.

वरून उत्तर आलं आणि तिला सहा महिने प्रोग्राम लिहायची मनाई झाली. कार्डं तपासायच्या टेबलावर ती पंचिंगच्या मुलींबरोबर बसली. मुलींनी तिला आपलं मानलं, डब्यात हात घालू दिला. पण ती जेवतानाही मनात जुने प्रोग्राम उघडून बसलेली असे. कुठं कुठं दोन चिन्हं एका ओळीत लिहिली होती? एक सापडला, एका वसतिगृहाच्या यादीचा, तो कुणी कधी वापरलाच नव्हता. तो सापडल्यावर बरं वाटायच्या ऐवजी आणखी किती असतील याचाच विचार वाढला. मनाई उठल्यावर मिळालेलं पहिलं दोन दिवसांचं काम तिनं आठवडाभर धरून ठेवलं. खानझोडे साहेब म्हणाले, "ललिताबाई, आता पुरे." ती म्हणाली, "एकदा अजून पाहते, सर."

इस्पितळाच्या नऊ जणांपैकी सात नागपूरला आले, दोन आलेच नाहीत. दुलीचंदला खाणीच्या रोपवाटिकेत काम मिळालं. दीड महिना त्यानं मुलीला एक ओळ लिहिली नाही. मग एक पोस्टकार्ड आलं, अक्षर सुरुवातीला मोठं आणि ओळीच्या शेवटी मुंगीएवढं. लिहिलं होतं, साग लागला, बांबू लागला, तुही माय बरी आहे.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास ती घरी गेली तेव्हा भैयालाल काकाजींच्या ओट्यावर स्वतःहून जाऊन बसली. तो पुन्हा बत्तीघरात होता. मग काकूनं चहा आणून ठेवला.

"काकाजी, तुमी माह्यावर रागावले असान."

"रागावलो तं होतो." त्याला शब्द जुळवायला वेळ लागत होता, ती थांबली. "पन बाई, एक सांगू? थे आठ दिवस मी लय चांगला झोपलो. चार महिन्यांत नाई झोपलो असा. मले वाटलं का माहं सारं बरं झालं."

त्याच्या हातातल्या कपातून चहा सांडत होता. तिनं कप घेतला, बशीत ओतला, आणि तो पीत होता तोवर बशीला खालून हात लावून बसली.